नासलेल्या तीन बरण्या

माझ्या हाताला लोणचं नासतं, असं आमच्या गावात बारा वर्षं बोललं जात होतं. लग्नाच्या पंगतीत मी वाढायला उठले की कुणीतरी लोणच्याचं भांडं माझ्यासमोरून हळूच उचलायचं. "तू पोळ्या घे गं, धाकटे," म्हणायचं. तोंडावर हसू आणि भांडं पदराआड. हे ज्या बाईनं माझ्या नावाला चिकटवलं ती माझी थोरली जाऊ. आता तिचं वय झालंय, गुडघे गेलेत, चालताना भिंत धरते. म्हातारपणी माणसानं मन मोठं करावं म्हणतात. करा बापडे. माझं नाही होत.

माझं माहेर उमापूरकडचं, ऊसतोडीचं. दसरा झाला की आई-बाप आम्हा पोरांना घेऊन मुकादमाच्या ट्रकात बसून उसाच्या फडावर जायचे आणि पाच-सहा महिन्यांनी परत यायचे. फडावर भाजी कोण देणार? म्हणून आई भादव्यापासूनच वाळवायला घ्यायची. गवारीच्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून पत्र्यावर उन्हात टाकायची. अंबाडीचा पाला मात्र सावलीत, नाहीतर काळा पडतो. कांद्याची पात, कारल्याच्या काचऱ्या, रानात मिळतील तेवढी शेंदाडं चिरून. आमच्या घरातून उकिरड्यावर काही म्हणजे काही जात नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात जायच्या, भाजी धुतलेलं पाणी दारच्या वांग्याला. सगळं कडकडीत वाळलं की जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवायच्या, त्यात भरायचं, वर कडुलिंबाचा पाला. त्या पिशव्यांवर आम्ही सहा महिने काढायचो, आणि कधी उपाशी निजलो नाही.

असल्या घरातली पोर पालीजवळच्या बागायतदाराच्या घरात कशी पडली? तर माझ्या नवऱ्याचा एक पाय लहानपणापासून अधू. तोलामोलाच्या घरातून पोरगी मिळेना, तेव्हा त्यांनी गरिबाची करून घेतली. सासू आधीच गेलेली. घराच्या सगळ्या किल्ल्या थोरल्या जावेच्या कमरेला. मी तिला बाई म्हणायची, आणि ती मला चार लोकांत 'कोयत्याची' म्हणायची. ऊस तोडणाऱ्या जोडप्याला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. म्हणजे मी माणसांची लेक नव्हेच, कोयत्याची.

बाई माझ्याइतकीच चिकट होती, पण तिच्या चिकटपणाला घरात काटकसर म्हणायचे. मी शिरांची चटणी केली की "भिकाऱ्याचं खाणं आणलंस काय गं?" आणि ती स्वतः काय करायची? दर उन्हाळ्यात नवं लोणचं घातलं की गेल्या वर्षीच्या बरणीच्या तळाचा खार उलथण्यानं खरवडायची आणि नव्यात कालवायची. "करडीचं तेल काय फुकट येतंया?" म्हणायची. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या तळाला पांढरी बुरशी धरली होती. मी कोठीच्या दारात बसून कैऱ्यांच्या कोयी गोळा करत होते. मी डोळ्यांनी बघितलं. बाईनं बुरशी बोटानं बाजूला सारली, खालचा खार काढला आणि नव्या तिन्ही बरण्यांत सारखा वाटून टाकला. मी बोलले नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुनेनं घरधनिणीला शहाणपण शिकवायचं असतं का? मुकाट कोयी उचलल्या आणि निघून गेले.

महिन्यानं कोठी उघडली तर वासानं उभं राहवेना. तिन्ही बरण्या गेल्या होत्या. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून जमल्या. बाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हिनं हात लावला. बाहेरची आसताना कोठीत शिरली आन् हात लावला." पाळीच्या चार दिवसांत कुठलीही बाई बाहेरची, तिनं लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, शिवलं तर नासतं, असा आमच्याकडचा नेम. मी रडत रडत म्हटलं, "आवो बाई, माझे दिवस लई लांब व्हते तवा." तर म्हणते, "कोयत्यावाल्यांत कुणी पाळतं का आसलं? हिला काय ठावं!" बायकांनी माना हलवल्या. आमचे मालक ओट्यावर बसले होते, ते आपल्या अधू पायाकडं बघत राहिले.

एवढ्यावर भागतं तर मी गिळलं असतं. पण त्याच श्रावणात बाईचा धाकटा मुलगा गेला. चार वर्षांचा. माझ्या मागं मागं फिरायचा, "काकी, शेंग दे" म्हणून वाळलेली गवार कच्चीच कुरकुर खायचा. तीन दिवस ताप आला, बीडला न्यायला बैलगाडी जुंपली आणि वाटेतच गेला. सुतक फिटायच्या आत, न्हाणीपाशी, त्याच बायकांना बाई म्हणाली, "लोणचं नासलं तवाच म्या वळखलं. ह्या कोयत्याच्या पोरीनं घरात इटाळ कालवला, आन् त्यो माझं लेकरू घेऊन गेला." मी मागं उभी होते. हातात पाण्याची घागर होती. ती मी खाली ठेवली एवढं आठवतं, पुढचं आठवत नाही.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाईनं त्याच बायकांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की हिनं हात लावला नव्हता. शेतात वाटा नको, अंगावर दागिना नको. एवढं एक वाक्य. ते घेतल्याशिवाय मी मरणार नाही, असं मी मनाशी घट्ट केलं.

आधी मी स्वतःची खात्री करून घेतली. कुणास ठाऊक, खरंच माझ्या हातात काही खोट असेल तर? पुढच्या उन्हाळ्यात शेळ्यांच्या गोठ्यात दोन लहान बरण्यांत चोरून लोणचं घातलं, आणि मुद्दाम बाहेरची असताना घातलं. दोन्हींत माझाच हात, एकच मीठ, एकच तेल. फरक एवढाच की एकीत बाईनं घासायला टाकलेल्या बरणीतला बुरशी धरलेला जुना खार बोटभर कालवला. खारवाली तीन आठवड्यांत सडली. दुसरी वर्षभर टिकली आणि मी ती चाटून पुसून खाल्ली. मग दर वर्षी गोठ्यात माझी एक लहान बरणी असायचीच. कोठीची पायरी मला बंद होती, म्हणून वाळवणही मी गोठ्याच्या पत्र्यावर करायची. बाजार उठताना माळणी जे टाकून द्यायच्या ते उचलून आणायची. बाई नाक मुरडायची. मुरड, म्हटलं.

अशी दहा वर्षं गेली. मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. बिंदुसरेच्या धरणात पोरं क्रिकेट खेळायला लागली. विहिरीत बादली सोडली की खडखडून रिकामी वर यायची. गावात टँकर यायचा तेव्हा हंड्यांची भांडणं कोसभर ऐकू जायची. हिरवं पान बघायला मिळेना. मग बागायतदाराच्या घरात काय शिजायला लागलं? भिकाऱ्याचं खाणं! माझी गवार, माझी अंबाडी, माझ्या काचऱ्या. थोरले दीर ताटावर "भाजी बरी झालीया" म्हणायचे, आणि बाई खाली मान घालून भाकरी मोडायची. कुणाची भाजी ते काही सांगायची नाही.

दीर साखर कारखान्याचे संचालक. दूध डेअरी त्यांच्या हातात, गावची सोसायटी त्यांच्या हातात. दुष्काळात बायकांना काम द्यायचं म्हणून त्यांनी महिला सहकारी संस्था काढली आणि बाई चेअरमन झाली. समाजमंदिराच्या दारावर पाटी लागली. सभासदांत माझंही नाव होतं, ते मला वर्षानं कळलं. पाटी लागली पण काम काही येईना, आणि बायका आडून आडून हसायला लागल्या.

एक दिवस परळीच्या एका सहकारी भांडाराचा माणूस संस्था बघायला आला. दिरांनी त्याला जेवायला घरी आणलं. मी टँकरवर गेले होते. हंडा डोक्यावर घेऊन आले तर ओसरीत पाट मांडलेला, आणि पाव्हण्याच्या ताटात माझी गवार. गवारीशेजारी लोणचं. रंग बघूनच ओळखलं मी, गोठ्यातल्या माझ्या बरणीतलं होतं. पाव्हणा बोटं चाटत म्हणाला, "हे लोणचं आणि ह्या वाळलेल्या भाज्या, एवढंच द्या आम्हाला. टेम्पो भरून द्या." बाई म्हणाली, "देऊ की. आमच्या संस्थेचाच माल हाय."

मी हंडा डोक्यावर तसाच घेऊन उभी. पाणी मानेवरून पाठीवर गळत होतं. माझा हात विटाळाचा ना? मग पाव्हण्याच्या ताटात कावून वाढलंस गं, भवाने? ज्या हातानं तुझं लेकरू खाल्लं म्हणतेस, त्या हातचं तू गोठ्यात शिरून चोरून आणलंस? म्हणजे मी हात लावला नव्हता हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बारा वर्षांत मला एवढा संताप कधी आला नव्हता, आणि एवढा आनंदही.

चार दिवसांनी वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्यांची तीन पोती समाजमंदिरात येऊन पडली. भाज्या बायकांनी वाळवल्या असत्या, पण लोणच्याला कुणी हात घालेना. धुवायला पाणी नाही, तेल मोजून मापून, आणि माल परळीला जायचा. नासलं तर नाव कुणाचं? बाईनं तर तिन्ही बरण्या नासल्या त्या वर्षापासून लोणचं घालणंच सोडलं होतं, घरात तिच्या माहेरून बरणी यायची. संध्याकाळी ती गोठ्याच्या दारात आली. माझ्यादेखत, बारा वर्षांत पहिल्यांदा.

"धाकटे, उद्या समाजमंदिरात ये. लोणच्याचं तू बघ."

मी शेळीचं दूध काढत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "बाई, मी बाहेरची हाय."

ती म्हणाली, "बरं. चार दिसांनी ये."

पाचव्या दिवशी ती परत आली. मी म्हटलं, "आजून हाय, बाई."

"आसं कसं गं? पाच पाच दिवस?"

"काय सांगावं, बाई. दुष्काळात समदं आटलं, माझं तेवढं आटंना."

मागं दोन बायका उभ्या होत्या, त्या तोंडात पदर कोंबून खुसखुसल्या. बाई लालबुंद झाली. पण बोलणार काय? नेम तिचाच. बाहेरचीनं बरणीला शिवायचं नाही, हे तिनंच साऱ्या गावाला माझ्या नावानं शिकवलं होतं. खरं-खोटं कोण तपासून बघणार? मी दूध घेऊन तिच्यासमोरून गेले आणि मनात म्हटलं, बस आता.

ते वैशाखाचं ऊन. पोत्यातल्या कैऱ्यांना पाड लागायला लागला. पाड लागलेली कैरी लोणच्याच्या कामाची नाही, मऊ पडते. भांडाराच्या माणसाचा निरोप आला. दीर घरात आदळआपट करायला लागले. चेअरमनबाईचं पहिलंच काम, आणि तेही उकिरड्यावर जाणार, असं बायका पाण्याच्या रांगेत उघड बोलायला लागल्या. सातव्या दिवशी भर दुपारी बाई आली ती सरळ गोठ्यात येऊन शेणात उभी राहिली.

"काय पायजे तुला? बोल एकदाचं."

"त्या दिवशी ज्या बायका व्हत्या ना, त्या समद्या बोलवा. त्यंच्यापुढं म्हणा, हिनं हात लावला नव्हता."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तर मी बाहेरचीच हाय. पाऊस पडंपर्यंत."

ती निघून गेली. मला वाटलं, मोडेल पण वाकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात बायका जमल्या. त्यातल्या दोघी मेल्या होत्या, त्यांच्या सुना आल्या. कैऱ्यांच्या पोत्यांना टेकून बाई उभी राहिली आणि जमिनीकडं बघत पुटपुटली, "त्या वर्षी हिनं हात लावला नव्हता. लेकराचं बी... हिच्यामुळं न्हाई झालं."

मी म्हटलं, "मोठ्यानं म्हणा, बाई. मागं म्हातारी बसलीया, तिला ऐकू येत न्हाई."

तिनं परत म्हटलं. मोठ्यानं. आवाज फाटला तिचा. कुणीतरी विचारलं, "मंग कुणी लावला व्हता?" ती पाठ फिरवून पोत्याची गाठ सोडायला लागली. मला कसं वाटलं सांगू? गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? बारा वर्षांचं तोंड एकदम गोड झालं.

मग मी घरी गेले, तांब्याभर पाण्यानं अंग पुसून आले आणि कामाला लागले. पाड लागलेल्या कैऱ्या बाजूला काढल्या, त्यांचा साखरांबा केला. बाकीच्या धुतल्याच नाहीत, कोरड्या फडक्यानं एकेक पुसून घेतली. फोडी मिठात रात्रभर ठेवल्या, सुटलेलं पाणी निथळून घेतलं, फोडी दिवसभर उन्हात सुकवल्या. फोड सुकली की तेल कमी लागतं. निथळलेलं पाणी टाकलं नाही, त्यात मिरच्या मुरवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बरण्या भरून, फडकी बांधून झाली. बायका घरी गेल्या. मी हात पुसत होते, आणि बाई उंबऱ्यावर येऊन बसली.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "त्या दिवशी मीच बाहेरची व्हते."

मला आधी कळेना.

"कैऱ्या चिरून झाल्या व्हत्या, तेल तापलं व्हतं, आन् मला आलं. कुणाला सांगायचं म्हणलं तर किल्ल्या तुझ्या हातात द्याव्या लागल्या आसत्या. कोयत्याच्या पोरीच्या हातात. म्हणून म्या बोललेच न्हाई. माझ्याच हातानं भरल्या बरण्या. आन् मंग समदं नासलं. आन् मंग माझं लेकरू गेलं." ती छाती बडवून रडत नव्हती, साधं बोलत होती. "बारा वरसं झाली, धाकटे. मला नीज न्हाई. तू सांग, माझ्या इटाळानंच गेला ना गं त्यो?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. बाई, तुम्ही बुरशीचा जुना खार कालवला होता, लोणचं त्यानं नासलं. लेकरू तापानं गेलं. तुमच्या अंगाचा त्यात काही दोष नाही, मी दोन बरण्यांत घालून बघितलंय. हे आत्ता लिहिलं ना, एवढंच बोलायचं होतं. ते पोरगं मलाही लाडकं होतं. त्याच्यासाठी तरी बोलायला हवं होतं. पण मला न्हाणीपाशी उभी राहिलेली मी दिसले, हातात घागर घेतलेली, बावीस वर्षांची.

मी म्हटलं, "ऋषीपंचमी धरा, बाई. जलमभर."

भाद्रपदातला तो उपास. पाळीत झालेल्या शिवाशिवीचं पाप फिटावं म्हणून बायका धरतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं खणून लावलेलंच खायचं. बाईनं तोवर कधी धरला नव्हता, हसायची धरणाऱ्यांना. त्या वर्षी धरला. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पाळी जाऊन जमाना झाला, बायका उद्यापन करून मोकळ्या झाल्या, पण ही सोडत नाही. तिच्यासाठी परसात मी खुरप्यानं आळी करून भोपळा, दोडका, अळू लावते. पंचमीला मिठातेलाशिवाय भाजी शिजवते आणि माझ्या हातानं तिच्यासमोर वाटी ठेवते. ती खाली बसू शकत नाही, खाटेवर बसून खाते. चार घास खाते आणि दर वर्षी तेच विचारते, "आता फिटलं आसंल का गं, धाकटे?"

यंदाही विचारलं.

मी वाटी उचलली आणि म्हटलं, "आजून एक वरीस धरा, बाई."